योगराजचा डावा पाय

दुपारची जेवणं आटोपली, गल्लीतले पॉवरलूम पुन्हा जोरात आले, की योगराज बोरसे डांगच्या जंगलात जायचा.

जायचा म्हणजे काय, असायचा पलंगावरच बिचारा. नवरात्रात अटॅक आला आणि डावं अंग गेलं, तो जाणार कुठे? पण सुरतेत उधन्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ऊन पांघरुणावर सरकलं, डोळे जड झाले, की लूमच्या खडखडीत हळूच एक टू-स्ट्रोक इंजिन मिसळायचं. उशीला जळक्या ऑइलचा वास यायचा. समोरची भिंत विरघळायची आणि तिथे पूर्णा नदी वाहत असायची. थंडीतली नदी, पाणी गुडघाभर, तळ दिसेल इतकं नितळ, आणि त्यात म्हशी बसाव्यात तसे काळे दगड. योगराज ऐन पंचविशीतला, गाडीच्या फुटरेस्टवर उभा, गुडघे सैल, नजर पुढच्या दगडावर.

चार दिवसांची ट्रायल होती ती. आता ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे, हे आधीच सांगतो, कारण मोटरसायकल म्हटली की लोकांना नुसता वेग दिसतो. इथे वेगाला कुत्रं विचारत नाही. नदीत, घळीत, चिखलात दोन दोऱ्यांच्या मधून एक अडचणीची वाट आखलेली असते, तिला सेक्शन म्हणायचं. तेवढ्यातून गाडी बाहेर काढायची, पण पाय न टेकता. एकदा पाय टेकला की एक गुण गेला. सारखा टेकत राहिलात तर तीन. पडलात, थांबलात किंवा कुणी हात दिला, की पाच. ज्याचे कमी जातील तो जिंकला. दिवसभर असे सेक्शन, रात्री तंबूत मुक्काम, सकाळी पुन्हा तेच. आहे की नाही वेडेपणा? पण त्या वेडापायी योगराजने पलसाण्याच्या डाइंग मिलमधल्या नव्या नोकरीत बिनपगारी रजा टाकली होती, आणि गाडीची सीट काढून घरी ठेवली होती, कारण बसायचंच नव्हतं.

पाय टेकला की त्याला भर चौकात नाक कापल्यासारखं वाटायचं. म्हणून तो सराव करायचा तो न टेकण्याचाच. मिलच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी जागच्या जागी उभी धरायची, दोन्ही पाय वर, आणि चहा होईपर्यंत तसंच राहायचं. पुढे गाडी विकली, केस पिकले, पण अंगातली ती सवय काही गेली नाही. सिग्नलला स्कूटर थांबली तरी लाल दिवा असेपर्यंत ह्याचे दोन्ही पाय वर, आणि मागे बसलेली बायको जीव मुठीत धरून.

स्वप्न नेहमी एकाच ठिकाणी संपायचं. तिसरा दिवस, पात्रातला सगळ्यात मोठा दगड. पुढचं चाक चढलं, मागचं चढलं, आणि गाडी दगडाच्या माथ्यावर निश्चल. खाली पाणी चमकतंय, काठावरचे लोक गप्प, साग गप्प, आणि योगराज हवेत उभा. तेवढ्या क्षणात त्याला फार सुख वाटायचं. मग लूम बंद पडायचे किंवा कुकरची शिट्टी व्हायची आणि तो खोलीत परत यायचा. दगडाच्या पुढचं कधी आलं नाही, आणि त्यानेही ते कधी बोलावलं नाही.

आता खोलीतलं बघू. वर्षा म्हणजे योगराजची बायको, महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाताखाली राबून शेवटी, रिटायर व्हायला आलेली असताना, ह्या जूनमध्ये तिला मुख्याध्यापिका केलं. किती खूश होती म्हणून सांगू! ऑफिसातल्या खुर्चीला स्वतः नवं कव्हर शिवून नेलं तिने. आणि नवरात्रात हे झालं. तेव्हापासून ती रजेवर, आणि सोमवारी रजा संपत होती. रजा आणखी मिळायची नव्हती. योगराजला पलंगापासून संडासापर्यंत एकट्याने जाता आलं, तरच ती शाळेत जाऊ शकणार होती. मुलगी बेंगळुरूला, तिच्या कडेवर तान्हं बाळ. कामाला माणूस ठेवून पाहिला, पण त्याने काखेत हात घातला रे घातला की योगराज अंग आक्रसून असा हिसडा द्यायचा की तो दुसऱ्या दिवशी फिरकलाच नाही. बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही म्हणजे नाही. एकट्या वर्षाचा हात काय तो त्याला चालायचा.

"मी सोडते नोकरी," पोंकात, म्हणजे सुरती हुरड्यात, शेव कालवता कालवता वर्षा म्हणाली.

"का म्हणून?"

"मग काय करू? तुम्हाला पलंगाला बांधून जाऊ?"

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिने भाजीला काय आणू हे विचारावं तसं विचारलं, आणि वाटी त्याच्या हातात दिली. योगराजने वाटी बाजूला ठेवली. ह्या बाईने आपल्याला उचलून उचलून कंबर धरून घेतली, आता ती खुर्चीही आपल्यापायी सोडायची? त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या डाव्या पायाचा राग आला.

कारण गंमत अशी की पायात जोर होता. रोज सकाळी व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या कुंदनबेन छातीठोकपणे तसं सांगायच्या. "जोर आवी गयो छे, काका! पग मूको ने!" पाय टेका म्हणून त्या ओरडायच्या. पण डावा पाय लादीजवळ आला, की चटका बसल्यासारखा आपोआप वर जायचा, आणि योगराज उजव्या पायावर ताठ उभा राहायचा. हलायचा नाही, डुलायचा नाही. पहिल्या दिवशी कुंदनबेननी टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्यांना त्याच गोष्टीचा संताप यायचा.

"काकी, ये सर्कस है," त्या वर्षाला म्हणाल्या, "चलना नहीं है."

"मी मुद्दाम उचलत नाही गं," त्या गेल्यावर योगराज पुटपुटला. "तो उचलला जातो."

"तुमचाच पाय ना? मग तुमच्यासारखाच असणार," वर्षा म्हणाली.

शनिवारी सुकदेव भेटायला आला. सुकदेव हा त्याचा ट्रायलमधला जोडीदार, दोघं एकाच तंबूत राहिलेले. आता लिंबायतमध्ये त्याचं गॅरेज आहे. माणूस धुळ्याकडचा, आणि गावाकडचं कोणी भेटलं की अहिराणीवर घसरल्याशिवाय राहायचा नाही. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि योगराजचे डोळे लकाकले.

"तुले याद शे का, सुकदेव? तो मोठा दगड? मी वर कसा उभा होतो?"

"शे ना!" सुकदेव मांडीवर थाप मारून हसला. "आनी मंग धाडकन खाले पडना!"

स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज थांबला. वर्षा हात पुसत दारात आली. लग्न झाल्यापासून ती ह्या दगडाची गोष्ट ऐकत होती, पण दगडावरून खाली पडण्याचं तिच्या कानावर कधी आलं नव्हतं.

"पडले?" तिने विचारलं.

"मग! गळ्याचं हाड मोडलं, वहिनी. तिसऱ्या दिवशीच ट्रायल संपली ह्याची. गाडी कलत होती, मी काठावरून बोंबलतोय, अरे टेक पाय, टेक! एकच गुण गेला असता. पण ह्याला लाज!" मग योगराजकडे वळून तो म्हणाला, "पाय टेकाले लाज कसानी रे, भो?"

"तुझं काय झालं होतं रे?" योगराज कुरकुरला. "दर दगडावर पाय आपटत होतास."

"आपटत होतो ना. शेवटून दुसरा उनू," सुकदेव म्हणाला. "पन उनू ना!"

आलो शेवटून दुसरा, पण आलो तर खरा! असं म्हणून तो इतका मनापासून हसला की योगराजने भिंतीकडे तोंड फिरवलं. सुकदेव गेल्यावर वर्षा पलंगाच्या कडेला टेकली.

"म्हणजे इतकी वर्षं मला अर्धीच गोष्ट सांगितलीत होय?"

"पुढे सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

"हाड मोडलं, आणि सांगण्यासारखं नव्हतं? धन्य आहे तुमची," वर्षा म्हणाली, आणि पांघरूण नीट करून उठली.

रविवारी दुपारी लूम बंद होते, तरी योगराज डांगात गेला. ह्या वेळी दगडाच्या माथ्यावर तो फार वेळ थांबू शकला नाही. काहीतरी हललं, आकाश तिरकं झालं, आणि मग चौथा दिवस होता. तो काठावर बसलेला, हात गळ्यात बांधलेला, आणि समोरून सुकदेव चाललेला. चिखलाने लडबडलेला बूट पाण्यात पडायचा, दगडाला रेटा द्यायचा, गाडी हातभर पुढे जायची. पुन्हा बूट, पुन्हा रेटा. दिसायला अगदी गबाळं. पण सुकदेवच्या तोंडावर केवढा आनंद! योगराज त्या तोंडाकडे बघतच राहिला. तेव्हाही त्याने ते पाहिलं असणार, फक्त बघून न बघितल्यासारखं केलं असणार. मग सुकदेव दिसेनासा झाला, इंजिन दूर गेलं, आणि नदी हळूहळू रुंद होत गेली. पलीकडच्या काठावर वर्षा उभी होती. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. तिच्या मागे सागाच्या झाडीत सिटी बस येऊन थांबली होती, आणि वर्षा काही बसमध्ये चढत नव्हती. "अगं, जा ना!" तो ओरडला. तिला ऐकूच गेलं नाही. गाडी नव्हती, दोऱ्या नव्हत्या, काठावर गुण मोजायला माणूस नव्हता. योगराजने पाण्यात पाय घातला. पाणी बर्फासारखं गार होतं, आणि ते डाव्या पायाला लागलं.

सोमवारी सकाळी वर्षा इस्त्रीची साडी नेसून तयार झाली. शाळेत जाऊन राजीनाम्याचं बोलून तासाभरात परत येते, तोवर हलू नका, असं तिने बजावलं.

"थांब," योगराज म्हणाला. "तिथेच दाराशी उभी राहा. पुढे यायचं नाही."

तो पलंगाची कड धरून उठला. डावा पाय लादीजवळ गेला आणि वर आला. "टेक, गाढवा," योगराज त्याला म्हणाला. पाय पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. वर्षा निघालीच होती पुढे, पण त्याने डोळे वटारले तशी जागीच थांबली. तिसऱ्या वेळी योगराजने दात आवळले आणि सगळं अंग त्या बाजूला झोकून दिलं. पाय धपकन लादीवर पडला. वाकडा पडला, बोटं मुडपली, पण पडला, आणि त्याने भार घेतला.

मग काय विचारता! कपाट धरलं, खुर्ची धरली, फ्रिजला मिठी मारली. धप, आणि मग उजवा. धप, आणि मग उजवा. घाम निथळत होता, लुंगी एका हाताने सावरत होता, तोंडाने त्या पायाला शिव्या चालल्या होत्या. संडास होता त्या मोरीच्या उंबऱ्याशी तो पोचला, आणि तिथे त्याचं जुनं अंग जागं झालं. उजव्या पायावर एकदम तोल आला, सुरेख, निश्चल. मनात आणलं असतं तर चहा होईपर्यंत उभा राहिला असता. योगराज क्षणभर तसा राहिला आणि मग सरळ खाली बसला. उंबऱ्यावर बूड टेकून त्याने एकेक पाय हाताने उचलून आत नेला. गुण मोजायला बसलं असतं कुणी, तर बिचाऱ्याला वेड लागलं असतं.

दार लागलं. नळ सुटला. बराच वेळ गेला. वर्षाने पदराचा बोळा तोंडात धरला होता. मग दार उघडलं आणि तो तसाच बूड घासत, धरत, आपटत पलंगापर्यंत परत आला.

"आता जा," तो धापा टाकत म्हणाला. "बस चुकेल."

"पडलात तर?"

"पडलो तर उठेन. नाही उठता आलं तर पडून राहीन. पळून थोडाच जाणार आहे?"

वर्षा हसायला लागली आणि हसता हसता रडली. मग तिने डोळे पुसले, आरशात कुंकू नीट केलं, आणि गेली. योगराज जिन्यावरच्या तिच्या चपला ऐकत होता. पहिल्या वळणावर त्या थांबल्या. तो श्वास रोखून बसला. मग त्या पुन्हा वाजायला लागल्या, आणि पुढे तर चक्क पळत गेल्या.

त्या दिवशी योगराज गरज नसतानाही उठला. जाऊन पाय धुऊन आला, थोड्या वेळाने पुन्हा धुऊन आला. लूम खडखडत होते, ऊन पांघरुणावर सरकत होतं, पण त्याला काही झोप आली नाही.

संध्याकाळी वर्षाने कुलूप उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली. सुरतेतलं बोअरिंगचं पाणी भारी खारं. लादीवर सांडून वाळलं की पांढरे डाग पडतात, आणि वर्षा ते रोज संध्याकाळी ब्रशने घासून काढायची. आज मोरीपासून पलंगापर्यंत कोटा दगडाच्या हिरव्या लादीवर पांढरी पावलं उमटली होती. उजवं स्वच्छ, पाची बोटांचं. शेजारी डावं, फरपटलेलं, पुसट, कुठे नुसती टाच. पण प्रत्येक उजव्याच्या शेजारी डावं होतं.

"राहून गेलं गं पुसायचं," योगराज ओशाळून म्हणाला.

वर्षाने चपला बाहेर काढल्या, साडी घोट्यापर्यंत वर धरली, आणि भिंतीला चिकटून, एकाही पावलावर पाय पडणार नाही अशा बेताने, ती त्याच्याकडे गेली.