वहीतला मुलगा आणि घरातली मुलगी

या, असे जवळ सरकून बसा. लांबून ऐकलेली गोष्ट कानावरून जाते, काळजापर्यंत पोचत नाही. आज एका आईची गोष्ट सांगतो, आणि तीही तिच्या एकाच दुपारची. देव सगळीकडे असतो म्हणतात, म्हणजे तो त्या दुपारी सैनिक कल्याण कार्यालयातही असणारच. पण त्या माउलीला समोर दिसत होतं ते फक्त भिंतीवरचं घड्याळ. साडेबारा वाजले होते.

बाई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. नवरा फौजेत, पूल बांधणाऱ्या पलटणीत हवालदार. सतरा वर्षं नोकरी करून धडधाकट घरी आला आणि तीन वर्षांपूर्वी, बुटाची नाडी बांधताबांधता, छातीत कळ येऊन गेला. मागं उरल्या या दोघी, आई आणि अठरा वर्षांची लेक. लेकीच्या डोक्यात बापाचंच वेड, पूल बांधायचे. अभ्यासात तर अशी की मास्तरांनी तोंडात बोट घालावं. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात सैनिकांच्या मुलांसाठी राखून ठेवलेली जागा तिला मिळाली होती, फी पूर्ण माफ. फक्त ही अमुक सैनिकाची मुलगी आहे असा या कार्यालयाचा दाखला हवा, आणि तो आज पाचच्या आत कॉलेजच्या खिडकीत पोचायला हवा. नाही पोचला तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. फी भरून शिकवणं बाईला सात जन्मांत जमणारं नव्हतं.

खिडकीमागं एक चष्मेवाला कारकून बसला होता. त्यानं बाईनं आणलेली हवालदाराची सेवापुस्तिका, म्हणजे नोकरीची वही, उघडली आणि ओळींवरून बोट फिरवत नेलं.

"पत्नी. बरोबर. अपत्य एक, मुलगा. वय आता..." त्यानं मनात हिशेब केला. "एकवीस. इथं मुलगी नाहीच. मग बाई, अर्ज हिचा कसा?"

लेकीनं आईकडं पाहिलं. "आई, कुठला मुलगा?"

बाईनं खिडकीची चौकट धरली.

तर झालं होतं ते असं. पहिला मुलगा झाला तेव्हा हवालदार सीमेवर होता. पत्र हातात पडलं त्याच दिवशी त्यानं मुलाची नोंद करवून घेतली, अख्ख्या पलटणीचं तोंड गोड केलं. आणि ते लेकरू आठ महिन्यांचं होऊन तापानं गेलं. बापानं त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. पुराच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभा राहून पूल टाकणारा गडी, पण त्याच्या मनानं एकदा घेतलं ते घेतलंच. आपण गाजावाजा करून पोराला कागदावर चढवलं, म्हणून काळाला पत्ता लागला! पुढं मुलगी झाली, तर तिची नोंद नाही, कुणापाशी अवाक्षर नाही. घरच्या पत्रातही तो मुलगी असं लिहायचा नाही, शेजारीण लिहायचा. ‘शेजारणीला दात आले का? शेजारीण चालायला लागली का?’ सुट्टीवर आला तरी हाक तीच. लेकीला वाटायचं, बाबांची थट्टा. मुलाच्या नावापुढं ‘मयत’ लिहायलाही त्याचा हात कधी धजला नाही.

नोकरी संपवून निघाला तेव्हा बाईनं निक्षून सांगितलं होतं, "आता तरी पोरीला वहीत घाला."

"घातलं," म्हणाला होता.

बाईनं वही उघडून पाहिली नाही. त्या पानावर दुसरं एक नाव होतं, आणि ते वाचायची तिची छाती नव्हती. लेकीलाही तिनं त्याच्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, खिडकीसमोर उभ्याउभ्या, चार वाक्यांत. मागच्या रांगेतले लोक चुळबुळ करत होते.

 लेकीनं आईचा दंड घट्ट धरला, एवढंच.

"साहेब, हा हिचा जन्मदाखला. बापाचं नाव आहे बघा," बाईनं कागद पुढं सरकवला.

"हा नगरपालिकेचा, बाई. आम्हाला फौजेची नोंद लागते. ती दुरुस्त करायची तर कागद मुख्यालयात जाणार, चार महिने धरून चाला."

"चार महिने? आज पाच वाजता जागा जाते हो! पदर पसरते तुमच्यापुढं."

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "एक वाट आहे. हवालदारांबरोबर नोकरी केलेल्या माणसानं आतल्या मोठ्या साहेबांसमोर शपथेवर सांगायचं, की ही त्यांचीच मुलगी. मग साहेब तात्पुरता दाखला देऊ शकतात. आहे कुणी?"

होता एक. बारा वर्षं एकाच तंबूत झोपलेला, आता एका बँकेच्या दारावर पहारेकरी. पलटणीत पाठीवर रेडिओ वाहायचा आणि पोटात तीळ भिजायचा नाही, म्हणून सगळे त्याला वायरलेस म्हणायचे. फोन केला. बदलीचा माणूस मिळेपर्यंत त्याला निघता येईना. दोन वाजले. अडीच झाले. बाई बाकावर बसायची, उठायची, दारापर्यंत जाऊन यायची. मनातल्या मनात देवाला म्हणायची, तुला माझ्याच दारी यायला बरी फुरसत मिळत नाही रे! सव्वातीनला वायरलेस धापा टाकत आला, गणवेशातच.

"वहिनी! किती वर्षांनी. आणि ही कोण? भाची?"

बाईनं लेकीला पुढं केलं. "माझी लेक, भाऊजी. तुमच्या दोस्ताची."

"चेष्टा करताय? त्याला पोरगी असती तर मला ठाऊक नसतं?"

तुम्हाला कळलं असतं तर गावाला कळलं असतं, म्हणूनच नाही सांगितलं, हे बाईच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. साहेबांच्या खोलीच्या दारापाशी तिनं त्याला गाठलं. "भाऊजी, एकच ओळ. ठाऊक होतं म्हणा. पोरीच्या जन्माचं सोनं होईल."

वायरलेसनं डोक्यावरची टोपी काढली. "वहिनी, जीव मागा. शपथ घेऊन खोटं..."

आत साहेब होते, पिकलेल्या मिशांचे, एक पाय ताठ. त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "हवालदारांना मुलगी आहे, हे तुम्हाला नोकरीत असताना माहीत होतं?"

वायरलेसनं बाईकडं पाहिलं, मग पोरीकडं, मग जमिनीकडं.

"नाही, साहेब."

बाईनं भिंतीचा आधार घेतला. वीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या होत्या. आता सगळं आयुष्य कुणीतरी घडी घालून फडताळात टाकतंय असं तिला झालं. लेक हळूच म्हणाली, "चल आई. राहू दे."

आणि वायरलेस, ज्याला गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं, तो स्वतःशीच पुटपुटायला लागला. "माझं तरी काय चुकलं? पोरगा गेल्यावर म्हणायचा काय हा, मला मूलबाळ नाही. सुट्टीवर निघाला की बाजारात जाऊन फ्रॉक घ्यायचा. कुणाला रे? तर म्हणे शेजाऱ्यांच्या पोरीला. दर साली फ्रॉक एक माप मोठा. आम्ही हसायचो, लेका, शेजाऱ्यांवर भारी जीव तुझा!"

"भाऊजी," बाई ताडकन म्हणाली, "तुम्ही एकदा घरी आला होतात. मला पहिल्या बाळंतपणाआधी माहेरी पोचवायला, यांना सुट्टी नव्हती म्हणून. आठवतंय कुठं होतं ते घर? पुढंही आम्ही तिथंच राहिलो."

"आठवतंय की. गावाबाहेर, पाण्याच्या पंपघराच्या खोलीत. तुमचे वडील पंप चालवायचे. रस्ता विचारायला तासभर माणूस दिसलं नाही..." आणि वायरलेस थांबला. तोंड उघडंच राहिलं त्याचं. "तिथं शेजारच नव्हता."

 वायरलेस वळून पोरीकडं बघत राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले. "किती फ्रॉक मी निवडून दिले गं तुझे! पिवळा नको म्हणायचा नेहमी."

"मला पिवळा आवडत नाही," पोर म्हणाली.

साहेबांनी कोरा कागद पुढं केला. "आत्ता बोललात तेच लिहा. जेवढं पाहिलंत तेवढंच. एक शब्द जास्त नको." मग ते बाईकडं वळले, आणि त्यांचा आवाज उतरला. "ताई, पक्की दुरुस्ती मुख्यालयातून येईल, पण आज तात्पुरतं मुलीला वहीत घेण्याआधी वरची ओळ खरी करावी लागेल. मुलाच्या नावापुढं तुमच्या हातानं लिहायचंय. मयत, आणि तारीख."

चारला दहा कमी होते.

बाईनं वही पुढं ओढली आणि इतकी वर्षं टाळलेलं ते नाव वाचलं. दुसरीकडं कुठं त्याची खूण उरली नव्हती. ना फोटो, ना अंगडं. या एका वहीत तेवढं तो चालायला लागला होता, शाळेत गेला होता, एकवीस वर्षांचा झाला होता.

"आई, मी लिहू?"

"नको. त्याच्या आईलाच लिहू दे."

तारीख तिला आठवावी लागली नाही. अक्षर वाकडं आलं. मग खालच्या ओळीवर कारकुनानं लेकीचं नाव घातलं, साहेबांनी तात्पुरत्या दाखल्यावर सही केली, आणि वायरलेसनं दोघींना रिक्षात कोंबून चालकाच्या मागं असा ओरडा सुरू केला की त्या बिचाऱ्यानं भोंग्यावरचा हात काढला नाही. पाचला सात मिनिटं असताना दाखला कॉलेजच्या खिडकीत गेला. जागा राहिली.

पोर तिथंच पायरीवर बसून हमसून रडली. बाई रडली नाही. लेकीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणत होती, "झालं गं, झालं," आणि कुणाला म्हणत होती ते तिचं तिला ठाऊक.

मंडळी, ती मुलगी पूल बांधील, तिची काळजी नाही. तिला बघायला सारं जग येईल. मागणं आहे ते दुसऱ्यासाठी. बहिणीला जागा व्हावी म्हणून जो त्या दिवशी वहीतूनही निघून गेला, त्या आठ महिन्यांच्या लेकराची आठवण तेवढी ठेवा. रात्री निजण्याआधी देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्याच्यासाठीही एकदा हात जोडा.