खिडकीकडचा अर्धा कोबा

खोलीत खांब चार होते, जमिनीतून वर आलेली पाइपांची तोंडं अकरा, खिडक्यांच्या मोकळ्या चौकटी तीन आणि दार एक. दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेले कोबा सपाट करायचे लाकडी रंधे दोन, तो घोटून गुळगुळीत करायच्या पोलादी थाप्या दोन, पाण्याची बादली एक, आणि गुडघ्याखाली घ्यायच्या फळ्या चार. माणूस एक.

फळ्या चार कशाला, हे मुकादमानं विचारलं नाही. त्यानं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग उगाचच छताकडे पाहिलं.

"मामा, हाताखाली कुणी देऊ का?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? खोली मोठी आहे. खिडक्यांतून ऊन आत येणार."

"खोली मोठी आणि तुझी काळजी त्याहून मोठी," मामा म्हणाले. "ओतायचं झालं ना तुमचं? मग जा. मला बसू दे."

काँक्रीट ओतणारे हातपाय धुऊन केव्हाच पुढच्या इमारतीकडे गेले होते. त्यांचं काम संपतं तिथे मामांचं सुरू होतं, आणि ते सुरू होतं बसून राहण्यानं. ओतलेल्या काँक्रीटला आधी वर पाणी सुटतं. ते पाणी स्वतःहून जिरेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. घाई केली तर पाणी पृष्ठभागाखाली अडकतं आणि पुढे तिथे पोपडे धरतात. उशीर केला तर कोबा दगड होतो आणि दगडावर थापी चालत नाही. या दोहोंच्या मधला जो वेळ, तेवढाच घोटाई करणाऱ्याचा. तो किती, हे घड्याळ सांगत नाही. अंगठा सांगतो. दाबून पाहायचा, नखाएवढा खळगा पडला की रंधा, नुसता ठसा उमटला की थापी, आणि काहीच उमटलं नाही की घरी जायचं.

"उद्या सकाळी इंजिनिअर बाई मोजायला येणार," मुकादम जाता जाता थांबला. "तीन मीटरची पट्टी ठेवणार. पट्टीखाली तीन मिलिमीटरच्या वर फट नको. इथे नाजूक यंत्रं बसायची आहेत म्हणे."

"तीन म्हणजे पुष्कळ झाले."

"ते मला माहीत आहे, मामा. वरच्यांना माहीत नाही. त्यांना बाहेरची मशीनवाली टोळी आणायची आहे. मी म्हटलं, मशीन या अकरा पाइपांतून फिरणार कसं? इथे हातच हवा. तेव्हा ते म्हणाले, ठीक, ही खोली बघू. बसली मापात तर वरच्या मजल्यावरच्या दोन्ही खोल्या तुमच्या. नाही बसली तर..." त्यानं वाक्य तसंच सोडून दिलं.

"तर मी म्हातारा झालो. एवढंच ना?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"तू नाही म्हटलंस. तू भला माणूस आहेस. जा आता."

मामी गेल्यानंतरचा हा पहिलाच कोबा होता. सव्वीस वर्षं दोघांनी जोडीनं घोटाई केली होती. साइटवरचे सगळे त्यांना मामा-मामी म्हणत. खरी भाचरं एकही नव्हती. मामी डावखुरी होती, आणि या धंद्यात ते भाग्यच. उजव्या हाताच्या माणसाला डावीकडची भिंत आडवी येते. बोटांची सालं निघतात आणि कोपऱ्यात एक रेघ राहते ती राहतेच. मामीला त्या भिंतीची कधी अडचण झाली नाही. म्हणून कुठलीही खोली असो, डावा अर्धा तिचा आणि उजवा अर्धा मामांचा. समोरच्या भिंतीपासून दोघं शेजारी शेजारी गुडघ्यांवर मागे सरकत दाराकडे यायचे. "तुमचा उजवा आणि माझा डावा," मामी म्हणायची, "मिळून कसाबसा एक धड माणूस होतो."

मध्ये वीतभर पट्टी राहायची, तीही मामीचीच. मामा तिथपर्यंत येऊन हात आखडता घ्यायचे आणि ती शेवटी दोन्ही अर्धे असे सांधायची की शोधूनही जोड सापडू नये. त्यामुळे दारातून आधी मामा बाहेर पडायचे, मग थोड्या वेळानं ती. "आज मागे पडलीस गं," असं ते रोज म्हणायचे. "तुमचं निस्तरून येते ना," असं ती रोज म्हणायची.

पाणी जिरलं. मामांनी अंगठा दाबून पाहिला आणि रंधा घेऊन आत उतरले.

लाकडी रंध्याचा पहिला हात त्यांनी दोन्ही बाजूंनी फिरवला. आधी खिडकीकडचा डावा अर्धा, मग आपला उजवा. चार फळ्या आलटून पालटून पुढे-मागे टाकत ते पाइपांना वळसे घालत गेले. पाठ भरून आली, पण काम मनासारखं झालं. मुकादम उगाच घाबरला होता. बाहेर येऊन त्यांनी स्वतःला बजावलं: आता थापीलाही आधी खिडकीकडूनच लागायचं. ऊन तिकडे आहे, तो भाग आधी घट्ट होणार. "आधी खिडकी," ते मोठ्यानं म्हणाले सुद्धा.

तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"जेवण."

"बाबा!"

"अगं, हात सिमेंटचे आहेत. लवकर बोल."

"हे म्हणत होते, मागची खोली रिकामी केली आहे. खाट टाकली आहे. तुम्ही नुसतं यायचं."

"येऊन काय करू?"

"काही करायचं नाही. तेच तर सांगतेय. आराम करायचा."

मामा मुलीकडे एकदा राहून आले होते. लेक गुणाची, जावई त्याहून गुणाचा. कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. दिवसभर ते खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायचे आणि लेक जमीन पुसत आली की दोन्ही पाय वर उचलून धरायचे. त्या घरात त्यांच्या वाट्याला आलेलं काम तेवढंच.

"उद्या मोजमाप आहे," ते म्हणाले. "ते झालं की सांगतो."

"म्हणजे नापास झालात तर येणार?"

"नापास झालो तर येईन."

"मग होऊच दे नापास," ती हसली. मग तिचा आवाज उतरला. "तिथे एकट्यानं कसं हो करता सगळं?"

"एकटा कुठे आहे मी," मामांच्या तोंडून गेलं. सावरून घेत ते म्हणाले, "सगळी साइट आहे. ठेव आता."

फोन खिशात टाकून त्यांनी थापी उचलली, समोरच्या भिंतीपर्यंत गेले, फळी टाकली आणि गुडघे टेकले. हात फिरू लागला.

थापीचं काम डोक्याचं नसतं. पहिल्या फेरीला पातं जवळजवळ आडवं ठेवायचं, पुढच्या फेरीला कड थोडी उचलायची, मग आणखी थोडी. आधी ओला, लोळणारा आवाज येतो. मग तो कोरडा होतो आणि शेवटी पात्यातून बारीक नाद उठतो. तो नाद आला की राखाडी रंग गडद होतो आणि खालून उजेड आल्यासारखी जमीन चमकू लागते. मामांना फक्त आपल्या हाताचा अर्धगोल दिसत होता. एक पाइप आला, त्याच्याभोवती काँक्रीट बसून कड उभी राहिली होती, ती त्यांनी दाबून सपाट केली. पुढचा पाइप आला, तीही केली. मध्यापर्यंत आले की हात आपोआप आखडत होता. एकदा वाटलं, काहीतरी राहून जातंय. पण पात्याला नाद होता, आणि नाद असताना कुणी मान वर करत नाही.

मागे सरकत ते दाराशी आले, बाहेर पडले, विटांवर बसले. फडक्यानं थापी पुसली. आधी एक बाजू, मग दुसरी. मुठीच्या खोबणीतलं सिमेंट नखानं खरवडलं. आतून अजून कुणी बाहेर आलं नव्हतं.

"आज फारच मागे पडलीस गं," ते म्हणाले.

कुठेतरी लांब गज कापण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

मग मामांनी मान वर केली.

उजवा अर्धा काळसर, तुळतुळीत. खिडकीचं प्रतिबिंब त्यात उतरलं होतं. मध्ये वीतभर पट्टी. आणि पलीकडे डावा अर्धा, रंध्यानं सोडला तसाच, खरबरीत, उन्हात पांढरट होत गेलेला. पाइपांभोवतीच्या कडा उभ्याच.

मामा उठून आत गेले. अंगठा टेकवला आणि अंगाचा भार टाकून दाबला. काही उमटलं नाही.

मुकादम आला तेव्हा ते तिथेच उकिडवे बसले होते. त्यानं दारातूनच पाहिलं आणि त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही.

"मामा..."

"राहिलं," मामा म्हणाले. "ती बाजू माझ्याकडून राहिली."

मुकादमानं मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पाणी मारा थोडं. वर सिमेंट भुरभुरवा आणि घ्या घोटून. उद्या बाईंची पट्टी अशी बसेल की बघत राहतील. पुढचं पुढे."

"पुढे पीठ होतं त्याचं."

"कधी? वर्षानं? तोवर कोण तुम्हाला शोधत येतंय?"

तो खोटं बोलत नव्हता. वरून पाणी मारलेला कोबा पहिले काही महिने छान दिसतो. मग झाडावं तेव्हा धूळ निघते आणि ती निघणं थांबत नाही. मामी म्हणायची, पाणी मारलेला कोबा आणि पावडर फासलेलं तोंड, घाम आला की खरं कळतं. एका साइटवर घाईच्या वेळी मामांनी बादलीला हात घातला होता, तेव्हा तिनं लाथेनं बादली लवंडली होती आणि दोन दिवस अबोला धरला होता.

"बादली तेवढी बाहेर घेऊन जा," मामा म्हणाले.

"मामा, हट्ट करू नका. वरच्या दोन खोल्या..."

"घेऊन जा रे."

मुकादम बादली घेऊन गेला.

मामांनी मामीची थापी घेतली, कारण तिची कड अजून सरळ होती, आणि डाव्या भिंतीशी गुडघे टेकले. दोन्ही हातांनी पातं धरून त्यावर छाती टाकली. करकर आवाज झाला. जिथे सावली होती तिथे थोडं हललं, थोडं दबलं. उन्हात पडलेल्या भागावर पातं नुसतं घसरत गेलं. भिंतीनं बोटांची सालं काढली. कोपऱ्यात रेघ राहिली. तरी त्यांनी एकही पाइप सोडला नाही. सगळ्यात शेवटी मधली वीतभर पट्टी घेतली. जोड दिसत होता. त्यावर ते पुन्हा पुन्हा पातं ओढत राहिले, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून निघून जाईपर्यंत. मग मागे सरकत दारातून बाहेर आले आणि चारही फळ्या धुऊन ठेवल्या.

सकाळी इंजिनिअर बाई आल्या. मुकादमानं पट्टी आणली होती. त्यांनी ती आधी उजव्या अर्ध्यावर टेकवली, वाकून तिच्याखाली मापाची पाचर सरकवली आणि पाहिलं.

"एक."

पट्टी फिरवून आडवी ठेवली.

"इथेही एक." त्यांनी तळवा जमिनीवरून फिरवला. "हे हातानं केलंय?"

"हो," मुकादम म्हणाला. "मामांच्या हातची घोटाई आहे, बाई."

बाई खिडकीकडे गेल्या. तिथे त्या जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या.

"या बाजूला दुसरं कुणी होतं का?" त्यांनी विचारलं. "हात वेगळा वाटतो."

"त्याचं काय झालं, बाई," मुकादम घाईनं पुढे झाला, "काल मामांबरोबर एक नवा..."

"नाही," मामा म्हणाले. "दुसरं कुणी नव्हतं. दोन्ही बाजू माझ्याच आहेत. मी एकटाच होतो."

बाईंनी मान हलवली. दोन पाइपांच्या मधोमध पट्टी ठेवली, खाली पाचर सरकवली, आकडा वाचला. पाचर काढून पुन्हा सरकवली, पुन्हा वाचला.

"पाच मिलिमीटर," त्या म्हणाल्या.