काटा शून्यावर

बाबांनी उभं आयुष्य लोकांना लहान विमानं उडवायला शिकवण्यात घालवलं. मुलीलाही त्यांनीच शिकवलं. विमान वर गेलं की वेग दाखवणाऱ्या काट्यावर ते कागद चिकटवायचे. "आता उडव. नाक कुठे आहे बघ, इंजिन ऐक. काट्यावर भिस्त नको."

आता बाबांच्याच उड्डाणशाळेत ती शिकवत होती. बाबा निवृत्त झाले होते आणि हल्ली फार गप्प असायचे. जरा बरं वाटेल म्हणून एका सकाळी तिने त्यांना शेजारी बसवून उड्डाण केलं.

विमान झाडांच्या वर आलं आणि वेगाचा काटा थरथरत घसरला, तो थेट शून्यावर. पण इंजिन ठणठणीत वाजत होतं, नाक जागेवर होतं, विमान चढत होतं. म्हणजे खोट काट्यातच होती. ती तसं सांगणार एवढ्यात बाबांनी विमानाचं नाक खाली-वर करणारा, त्यांच्या समोरचा दांडा दोन्ही हातांनी पुढे रेटला.

"वेग गेला! पडतोय आपण!"

काचेतलं आकाश गेलं, झाडांचे शेंडे आले.

"बाबा, सोडा! काटा बिघडलाय!"

ते ऐकेनात. नवख्या विद्यार्थ्यासारखे त्यांचे डोळे काट्याला खिळले होते. तिने सगळा जोर लावून आपल्या बाजूचा दांडा ओढला आणि खेकसली, "सोड म्हणते ना!"

जन्मात पहिल्यांदा तिने वडिलांना अरे-तुरे केलं. त्यांनी मुकाट्याने हात मांडीवर ठेवले.

तिने टॉवरला कळवलं. मग ठरलेल्या जागी वळत, इंजिनाचा जोर नेहमीइतकाच ठेवत, ती धावपट्टीसमोर आली. पट्टी लांब होती, म्हणून वेग थोडा जास्तच असू दिला. चाकं टेकली. विमान थांबल्यावर तिने इंजिन बंद केलं.

"झकास उतरवलंस," बाबा कौतुकाने म्हणाले. "कोणी शिकवलं गं तुला?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

"आहेत एक सर."

"कडक आहेत?"

"फार."

ते खुदकन हसले.

मेकॅनिकने पंखाखालची, वेग मोजणारी नळी सोडवून झटकली. एक सुकलेला मातीचा खडा पडला. कुठल्याशा किड्याने आत घर केलं होतं, त्याचा तुकडा सुटून अडकला होता. "एवढंच होय," तो म्हणाला, "आत्ता करून देतो."

घरी आई भांडी विसळत होती. सगळं ऐकूनही तिने मान वर केली नाही.

"हे मला मध्येच ताई म्हणतात," ती म्हणाली. "मी ओ देते."

"आणि मला सांगितलं नाहीस? आज दोघंही गेलो असतो, आई!"

आईच्या हातातलं पातेलं निसटलं. नळ तसाच वाहत राहिला. "तुझ्या डोळ्यांत तरी ते आहेत तसेच राहू देत, असं वाटलं गं," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

डॉक्टरांनी नवीन काही सांगितलं नाही. बाबा पुन्हा विमानात बसले नाहीत. अजूनही एखाद्या सकाळी ते बूट घालून दाराशी उभे राहतात.

"निघायचं का?"

"आज हवा बरी नाही, बाबा."

ते निरभ्र आकाशाकडे बराच वेळ बघतात.

"हो," ते म्हणतात, "आज नकोच." मग ती वाकून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडते.