टक-टक म्हणजे उत्तर नव्हे

मी हेडसेट बोलतोय. गाणी ऐकायचा नव्हे. पुण्याबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर वैमानिक घडवणारी संस्था आहे. तिच्या टॉवरमध्ये, विमानांना वाट देणाऱ्या कंट्रोलरच्या डोक्यावर माझी नऊ वर्षं गेली. तिथलं बोलणं इंग्रजीत चालतं; तुमच्या सोयीसाठी मराठीत सांगतो.

खोक्यातून मला पहिल्यांदा काढलं श्याम सरांनी. ते शनिवार पेठेतले, त्यामुळे गोडवा बेताचा. त्यांचा नियम एकच: दिलेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची. कोणी नुसतं 'समजलं' म्हटलं की ते म्हणत, "आपल्याला समजलं, आनंद आहे. काय समजलं, ते मलाही कळू द्या." माणसं चिडत, पण परत म्हणत.

ते निवृत्त झाले आणि मी नम्रताकडे आलो. ती धायरीहून स्कूटरवर यायची. कामाला चोख, स्वभावाने भिडस्त. कॅप्टन इंद्रजीत तिथले सर्वांत जुने शिक्षक. सूचना परत म्हणायचा त्यांना कंटाळा. ते बोलायचं बटण नुसतंच दोनदा दाबत आणि माझ्या कानात टक-टक वाजे. म्हणजे समजलं. नम्रता ओठ चावायची, पण एवढ्या मोठ्या माणसाला सांगणार कोण? पुढे विद्यार्थीही त्यांचं बघून टक-टक करू लागले.

मार्चमधली एक सकाळ. दीक्षा नावाची विद्यार्थिनी पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन वर गेली होती आणि आता उतरायला येत होती. खाली इंद्रजीत सरांचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं होतं. त्यांना धावपट्टीवर जायची परवानगी नुकतीच मिळाली होती. पण दीक्षा अंदाजापेक्षा लवकर जवळ आली. नम्रताने दूरवर उडणाऱ्या एका विद्यार्थ्याला आहे त्याच उंचीवर राहायला सांगितलं आणि लगेच सरांना म्हणाली, "परवानगी रद्द. बाहेरच थांबा."

टक-टक.

नम्रता निश्चिंत झाली. मीही झालो, खोटं कशाला बोलू? पण टक-टकीवर कोणाचं नाव नसतं. ती त्या दूरच्या विद्यार्थ्याची होती, त्याच्या सूचनेला उशिरा दिलेली. सरांनी शेजारी बसलेल्या शिकाऊला झापण्यासाठी रेडिओचा आवाज बारीक केला होता. त्यांचं विमान सरळ धावपट्टीवर आलं.

नम्रताने ते काचेतून पाहिलं. ती लगेच, स्पष्ट बोलली, "दीक्षा, उतरू नका. वर जा!"

"उतरत नाही, वर जाते." पोरीचा आवाज थरथरत होता, पण वाक्य अख्खं होतं. ते ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तिचं विमान सरांच्या डोक्यावरून वर निघून गेलं.

थोड्या वेळाने सर टॉवरचा जिना चढून आले.

"मी उत्तर दिलंच नव्हतं," ते म्हणाले.

"मला वाटलं, आपणच. रोज तसंच देता ना." नम्रताने मला डोक्यावरून काढून टेबलावर ठेवलं. "सर, यापुढे टक-टक चालणार नाही. मी ते उत्तर धरणार नाही."

सर म्हणाले, "घटनेच्या अहवालात माझी सवय लिहा."

"लिहिली आहे. मी ती चालवून घेतली, तेही लिहिलंय."

दुसऱ्या दिवसापासून सर प्रत्येक सूचना पूर्ण म्हणू लागले, थोडं कुरकुरत. नम्रता शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायची.

आता माझा डावा कान बंद पडलाय, कानावरच्या उशीचं कातडं सुटलंय. कपाटाच्या खणात पडून असतो. तक्रार नाही. खणाशेजारीच लोक चहा पितात. एक सांगतो, दुसरा मोबाइलमध्ये बघत 'हं' म्हणतो, आणि दोघांनाही वाटतं की बोलणं झालं. मला त्या 'हं'ची भीती वाटते.

तेव्हा माझं म्हणणं कळलं असेल, तर नुसती मान हलवू नका. काय कळलं, ते म्हणून दाखवा. माझा उजवा कान अजून चालू आहे.