दगडावरचा ‘पहिला’

कारगिलच्या लढाईत उमेंद्र रहांगडाले गेला आणि पुढच्याच महिन्यात ग्रामसभेनं चौकात त्याचं स्मारक बांधायचं ठरवलं. उमेंद्रचे वडील खेमराज तेव्हा सरपंच होते. नकाशा काढायचं काम त्यांनी घनश्याम मास्तरांकडे दिलं. उमेंद्रला अक्षरं मास्तरांनीच शिकवली होती.

मास्तरांनी चौकटीच्या वहीत चित्र काढलं. तीन पायऱ्या, चौथरा, काळ्या दगडाची पाटी, आणि वर नळी खाली केलेली सिमेंटची बंदूक. गोंदियाहून बोलावलेला मुन्नालाल मिस्त्री ते बघून म्हणाला, “गुरुजी, नाम एक ही है ना? दो होंगे तो पत्थर बड़ा लेना पड़ेगा.”

“एकच,” मास्तर म्हणाले.

ही गोष्ट टोल्यावर पोचली. टोला म्हणजे जंगलाला लागून असलेली गोंडांची वस्ती. दोन दिवसांनी तिथून फुलवंता मडावी शाळेत आली. लुगड्याच्या पदरात बांधलेला एक कागद तिनं सोडला.

“मास्तर, माह्या मालकाचं नाव लागते का त्या गोट्यावर? एकडाव अजून वाचून पाहा.”

तो कागद मास्तर ओळखत होते. फुलवंताचा नवरा जंगलू एकाहत्तरच्या लढाईत होता. लढाई संपल्यावर पलटणीकडून इंग्रजी पत्र आलं. तेव्हा मास्तर चोवीस वर्षांचे, नुकतेच नोकरीला लागलेले. चावडीपुढे माणसं जमली आणि पत्र त्यांच्या हातात दिलं गेलं. ती कार्बनची पुसट प्रत होती. जंगलू बेपत्ता आहे, एवढं त्यांना कळलं. खालचं लांबलचक वाक्य त्यांना पेललं नाही, पण सगळे तोंडाकडे बघत होते. ‘लेड डाउन’ म्हणजे ‘खाली ठेवली’ हे कळत होतं. पुढचा शब्द त्यांनी ‘रायफल’ असा वाचला. “रायफल खाली ठेवून गेला म्हणतात,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून गावासाठी जंगलू पळपुटा झाला. पलटणीकडून पुढे दोन लिफाफे आले, ते त्याच्या बापानं लाजेनं न फोडताच परत पाठवले. फुलवंता कुंकू लावत राहिली आणि पळपुट्याचं कुंकू म्हणून बोलणी खात राहिली.

आता शाळेच्या खिडकीपाशी चष्मा लावून मास्तरांनी तीच ओळ वाचली. शब्द ‘रायफल’ नव्हता, ‘लाइफ’ होता. जंगलूनं देशासाठी प्राण दिले असं मानण्यात येत आहे, असा त्या वाक्याचा अर्थ होता.

वर्गात पोरं पाढे म्हणत होती. आत्ता खरं बोललो तर अख्खं गाव काय म्हणेल, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात आला.

“तेच लिहिलंय, फुलवंता,” ते म्हणाले. “नाव नाही लागायचं.”

तिनं कागदाची घडी घातली आणि गेली.

सव्वीस जानेवारीला स्मारक उघडलं. पाटीवर मास्तरांनीच लिहून दिलेली ओळ होती: ‘या गावाचा पहिला शहीद’. ‘पहिला’ शब्द त्यांनी फुलवंता येण्याआधी लिहिला होता. नंतर तो खोडता आला असता. मुन्नालालनं छिन्नी लावण्याआधी हेच कोरायचं का, असं विचारलंही होतं, आणि मास्तरांनी होकाराची मान हलवली होती.

पुढे पंचायतीनं चौक झाडायला फुलवंतालाच ठेवलं. मास्तर शाळेत जाताना ती पायऱ्या झाडत असायची. ते मागच्या गल्लीनं जाऊ लागले. निवृत्त झाल्यावर तर त्यांनी चौकात जाणंच सोडलं. पंधरा ऑगस्टला तब्येतीचं कारण सांगून घरी बसायचे.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यानंतर, एका सकाळी फुलवंता त्यांच्या अंगणात आली.

“रेडिओवर सांगून राहिले होते, पाकिस्तानच्या जेलातले कैदी सोडतेत म्हणून. माहा मालकबी असन त्यात. एक अर्ज लिवून द्या.”

मास्तरांनी कागद घेतला, वर तारीख टाकली. पुढे पेन चाललं नाही. ते ओट्यावरून उतरून तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, “म्हंजे ते लढाईतून पराले नाई.”

“नाही.”

“तुमाले कधीपासून मालूम?”

“दहा वर्षं झाली. त्याच्या आधी चूक झाली होती. नंतर मी लपवलं.”

“चुकीचं मी काई म्हनत नाई. तुमी पोरगेच होते तवा. पन दहा वर्सं मी तुमच्यासमोर तो चौक झाडून राहिली, मास्तर. काऊन नाई बोलले?”

ती उठली. “मले एकटीले सांगून का फायदा? तवा चावडीपुढं वाचलं होतं. आताबी तिथंच वाचा.”

चावडीपुढे भरलेल्या ग्रामसभेत मास्तरांनी पत्र वाचलं, ओळीओळीनं, मराठीत अर्थ सांगत. आपण काय केलं तेही सांगितलं. कोणी शिवी दिली, कोणी उठून गेलं. खेमराज शेवटी बोलले. “जंगलूचं नाव लागनच. पन मास्तर, माह्या पोराच्या गोट्यावर तुमी खोटं लिवलं. आता मी कोनाले तोंड दाखवू?”

मुन्नालाल आता म्हातारा झाला होता, तरी आला. त्यानं ‘पहिला’ शब्द छिन्नीनं काढला. तिथं खरबरीत खळगा राहिला. जंगलूचं नाव वर बसत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं आधी गेलेला माणूस उमेंद्रच्या खाली, बारीक अक्षरांत आला. मास्तरांनी नकाशाच एका नावापुरता आखला होता.

पुढच्या उन्हाळ्यात टोल्यावर जंगलूला घरच्या देवांत मिळवायचा विधी झाला. गेलेला माणूस खरंच गेला हे कळल्याशिवाय तो करता येत नाही, म्हणून अडतीस वर्षं राहिला होता. मास्तरांना बोलावणं नव्हतं. ते चालत गेले आणि कुडाबाहेर, मोहाच्या झाडाजवळ उन्हात उभे राहिले. ढोल वाजत होता. फुलवंतानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, तिच्या कपाळावरचं कुंकू पुसलेलं होतं. मग ती पाठ फिरवून आत गेली.