बायांचं काम

नऊ वर्षांचा कुंदन बायांच्या ओळीत वाकून, त्यांची गाणी म्हणत धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, रोवत होता. तेवढ्यासाठी बापाने त्याला तुतारीनं, म्हणजे बैल हाकायच्या काठीनं, चारचौघींत फोडून काढलं होतं. ‘बायल्या’ म्हणत. मोठेपणी कुंदनने हे वहीत लिहिलं. आपल्याला पुरुषच आवडतात, हे स्वतःशी कबूल करायला पंचवीस वर्षं गेली, तेही लिहिलं.

भैयाजींनी लेकाची वही शेवटपर्यंत वाचली.

"तुतारी नव्हती. पऱ्ह्याची पेंडी होती."

कुंदनचं डोकं सणकलं. "एवढंच दिसलं तुमाले, बाबा? बाकीचं?"

भैयाजींनी समोरच्या धानाच्या बांधीतल्या चिखलाकडे पाहिलं.

"औंदा रोवणाले बाया भेटून नाही राहिल्या," ते म्हणाले. "तुले येते ना अजून?"