डाव्या अंगठ्याचा ठसा

दुफीचा डावा हात लहानपणी तिच्या आईनं फडक्यानं बांधून ठेवला होता. उजव्यानं खा, उजव्यानं दे, उजव्यानं हात हलव. शेवटी आईच थकली आणि फडकं सुटलं. पुढे त्याच हातानं पोर वाळलेल्या भोपळ्याच्या कवचावर ठसे कोरायला लागली. आता कुमासीजवळच्या न्तोन्सो गावात कुणाचं लग्न निघालं, की निमंत्रणाची कार्डं ठसे उमटवायला दुफीकडेच यायची. कार्ड देताना मात्र ती उजवा हातच पुढे करी. तेवढी रीत तिलाही मान्य होती.

यंदा लग्न तिच्या धाकट्या बहिणीचं, पोकुआचं होतं. ही कार्डं दुसऱ्या कुणी करायची म्हणजे दुफीनं जन्मभर तोंड लपवायचं. तिनं कुमासीच्या बाजारातून पिवळ्या वेलबुट्टीचा कागद आणला, झाडाच्या सालीचा काळा रंग काकवीसारखा दाट होईपर्यंत उकळला आणि अंगणात टेबल मांडलं. ठसा काढला तो चंद्र-चांदणीचा, लग्नाला शोभणारा.

पहिला ठसा उमटतो न उमटतो तोच नवऱ्यामुलाची मावशी, बिरागो, दारात उभी राहिली.

"अगं बाई! डाव्या हातानं?"

"माझा हाच हात चालतो, मावशी."

"ज्या हातानं माणूस धुतं, त्या हातानं आमच्या मुलाचं लग्न छापतेस? असली कार्डं आमच्या घरात यायची नाहीत. उजव्यानं कर, नाहीतर आम्ही दुसरीकडे देतो."

आई घाईघाईनं मध्ये पडली. "करेल हो, उजव्यानं करेल!" आणि दुफीला आत ओढून कुजबुजली, "इथं आत बसून कर ना. कोण बघतंय? उजव्यानं केलीत म्हणून सांगू."

दुफीच्या अंगाचा तिळपापड झाला. "बांधलास तेव्हा मी लहान होते, आई. आता लपवायलाही सांगतेस? सख्ख्या बहिणीची कार्डं मी चोरासारखी करू?"

दुफी तरातरा बाहेर आली आणि तिनं ठसा उजव्या हातात घेऊन कागदावर दाबला. चंद्र फिसकटला, चांदणी कुठल्या कुठे गेली.

"हे घ्या तुमचं उजव्या हाताचं. वाटा तुमच्या गोतावळ्यात."

मग दुसरा कागद घेतला. डाव्या हातानं ठसा टेकवला, दाबला, उचलला. काळी कोर अशी उमटली, की कुंपणाशी जमलेल्या शेजारणी माना उंचावून बघू लागल्या. दुफी तिथंच थांबली नाही. तिनं डावा अंगठा रंगात बुडवला आणि कार्डाच्या मागं ठसठशीत टेकवला.

"आता हे कशाला?" बिरागो ओरडली.

"कुणी केलं ते कळायला. प्रत्येक कार्डामागं असणार."

"असलं कार्ड घेणार कोण?"

"न घेणाऱ्यांनी जेवायला येऊ नये," पोकुआ दारातून म्हणाली. "तेवढेच कंद फुफूसाठी कमी कुटावे लागतील."

शेजारणी फिदीफिदी हसल्या. बिरागोच्या नाकपुड्या फुगल्या. ती आता पाठ फिरवणार आणि लग्न मोडलं म्हणून गावभर सांगत सुटणार, हे सगळ्यांना दिसत होतं. दुफीलाही दिसत होतं. तरी अंगठा तिनं पुसला नाही.

दुफीच्या मागोमाग बाहेर आलेली आई इतका वेळ कार्डाकडेच बघत होती. त्या अंगठ्याच्या रेषा तिनं फडक्याखाली किती वेळा दडपल्या होत्या, ते तिलाच ठाऊक. तिनं लुगड्याला हात पुसले, कार्ड उचललं, अंगठ्याची बाजू वर केली आणि उजव्या हातानं बिरागोपुढे धरलं. घरच्या वडीलधाऱ्या बाईनं उजव्या हातानं दिलेलं नाकारायची तिथं कुणाची छाती नव्हती.

"घे. माझ्या थोरलीनं केलंय."

बिरागोनं कुंपणाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. अखेर तिचा उजवा हात पुढे आला.

"सांभाळून धर," आई म्हणाली. "अंगठा अजून ओला आहे."